नवस केला, की नुसता मनात आला?

वही दोनशे पानी होती, शाळेतली मुलं गणिताला वापरतात तसली. प्रत्येक पानावर पट्टीने उभी रेघ मारून दोन रकाने पाडलेले. डाव्या रकान्याच्या डोक्यावर 'नक्की', उजव्याच्या डोक्यावर 'शंका'. 'नक्की'मध्ये फार काही नव्हतं. आजीच्या ऑपरेशनच्या वेळी सोडलेला चहा, दशांशावर (चर्चला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्यावर) आणखी पाचशे रुपये, शनिवारचा उपास, एवढंच. 'शंका'चा रकाना मात्र पानांमागून पानं भरत गेलेला. त्यातली एक नोंद जशीच्या तशी लक्षात राहिली आहे: 'मंगळवार. बसस्टँडवर उभा असताना मनात आलं की मोबाइल विकून पैसे मंडळीत टाकावेत. बोललो नाही. ओठ हलले का? आठवत नाही.'

वही घेऊन आलेला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा. आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्या ख्रिस्ती चर्चमधला, जालन्यात एका गोदामावर हिशेब लिहितो. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, आणि हे लिहितोय ते त्याला विचारूनच.) दिवसभर दुसऱ्याचं जमाखर्च लिहिणारा माणूस, त्याने देवाचं खातंही तसंच चोख मांडलं होतं. प्रार्थना करताना तो तोंडावर हात ठेवायचा, म्हणजे चुकून काही बोललं जाऊ नये. आमेननंतर तीनदा पुटपुटायचा, "हा नवस नव्हता, हा नवस नव्हता, हा नवस नव्हता." चौथ्यांदा म्हटलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "अरे, ओठांचं काय घेऊन बसलास?"

"काका, हन्नाचे तरी नुसते ओठच हलायले होते ना? आवाज कुठं होता? तरी देवानं धरलाच की तो नवस."

तीस वर्षं संडे स्कूलला बायबलमधल्या शमुवेलाची आणि मुलासाठी नवस करणाऱ्या त्याच्या आईची, हन्नाची, गोष्ट सांगितली मी. हन्नाच्या ओठांची ही बाजू एकाही वर्षी डोक्यात आली नव्हती.

त्या दिवसापासून हे मनात घोळतं आहे, आणि आता ते मंडळीपुढे मांडायची वेळ आली आहे असं मला वाटतं. माझी तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल आहे, पाळक, पंच, उपदेशक, आणि माझ्यासारखे संडे स्कूलचे गुरुजी धरून. घाबरलेल्या माणसाकडून आपण नवस घेतो. तो सोडवायची वाट शास्त्रात लिहिलेली असताना ती दाखवत नाही. आणि एखादं लेकरू त्यात अडकून गुदमरायला लागलं की त्याची पाठ थोपटून म्हणतो, "किती देवभीरू आहे बघा!"

नवस हा शब्द मराठवाड्यात कोणी कोशातून शिकत नाही. तुळजापूर आहे, येरमाळ्याची येडाई आहे, माळेगावचा खंडोबा आहे. गावातल्या दर चार घरांत एखाद्याचा तरी नवस 'राहिलेला' असतो. म्हैस आटली, पोराचा ताप उतरेना, सून दुसऱ्यांदा खाली झाली की म्हातारं माणूस विचारतं, "बघा बरं, काही बोलले होते का कोणी?" नवस बोलायचा असतो आणि फेडायचा असतो. फेडणं हे कर्जाचं क्रियापद. बापाने सावकाराकडून काढलेलं लेकाच्या मानगुटीवर बसतं, तसा आजीने बोललेला नवस नातवाकडे वसुलीला येतो.

आमचे पणजे ख्रिस्ती झाले तेव्हा पोतराज, कंदुरी, जागरण-गोंधळ मागे ठेवून आले. शब्द मात्र सोबत आला. बायबल मराठीत आणणाऱ्यांनी हिब्रूतल्या 'नेदेर'ला नवसच म्हटलं, आणि दुसरं म्हणणार तरी काय? मराठीत त्या गोष्टीचं तेच नाव आहे. पण शब्द रिकाम्या हाताने येत नसतो. देवाला नवस केलास तर तो फेडायला उशीर लावू नकोस, हे बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातलं वचन. लिहिणाऱ्याला मुळात उथळ बडबडीला आळा घालायचा आहे. त्याच्या थोडी आधीचीच ओळ देवासमोर तोंड आवर, शब्द थोडे असू देत, अशी आहे. आमच्याकडे मात्र ते वाचलं की मागे कुठेतरी हलगी वाजायला लागते.

म्हणून आमच्यातले शिकलेले लोक सगळा दोष त्या हलगीवर टाकून मोकळे होतात: जुन्या धर्माचा अंश राहिला, दुसरं काय. मला हे पटत नाही. आमच्या प्रोटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन ल्यूथर जर्मनीतला, त्याने तुळजापूर पाहिलं नव्हतं. २ जुलै १५०५ रोजी एरफुर्टजवळ स्टॉटर्नहाइम गावाच्या बाहेर वीज कडाडली आणि बाविशीतला तो विद्यार्थी ओरडला, संत ॲना, वाचव, मी संन्यासी होतो. पंधरवड्यात तो मठात दाखल झाला. बाप संतापला. पुरोहित झाल्यावरच्या पहिल्या मिस्साच्या (उपासनेच्या) दिवशीच त्याने लेकाला सुनावलं की ती वीज देवाची होती की सैतानाची, ते आधी पाहायचं होतंस. आणि आईबापाचा मान राख ही आज्ञा तू वाचलेली नाहीस काय? पुढे हाच ल्यूथर मठात तासन्‌तास पापं कबूल करत बसे आणि बाहेर पडताच एखादं राहिलं म्हणून परत फिरे. मठाच्या व्रतांविरुद्ध १५२१ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, ते त्याच बापाला अर्पण केलं. भीतीत दिलेला शब्द माणसाला कुठे नेतो, हे आमच्या प्रोटेस्टंट परंपरेच्या मुळाशीच लिहून ठेवलं आहे. तरी आमच्याच मांडवांत विजेची नक्कल चालू असते.

मांडव कसा असतो ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते. चंगाई सभेचे, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेचे, फ्लेक्स लागतात. तिसऱ्या रात्री बाहेरगावचे उपदेशक आवाज खाली आणतात, कीबोर्डवाला दोन बोटांनी एकच सूर धरून ठेवतो. मग: "आज रात्री प्रभूला वचन कोण देणार? हात वर करा. प्रभू बघतोय. उद्याचा दिवस तुम्हाला मिळेल याची खात्री आहे का?" पुढच्या रांगेत डायलिसिसवर असलेल्या नवऱ्याची बायको बसलेली असते. ती हात वर करणार नाही तर काय करेल? पाकिटं फिरतात, त्यावर नाव आणि रक्कम. साडेदहाला मांडव रिकामा होतो, उपदेशकांची गाडी सुटते, आणि त्या बाईच्या डोक्यावर एक नवस राहतो. तिच्याशी त्याबद्दल नंतर बोलायला कोणी येत नाही. पाकीट मागायला तेवढं येतात.

(हंगामाच्या सणाला आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भाजीपाल्याचा लिलाव होतो आणि एखादा भोपळा दोन हजाराला जातो, ते मला फार आवडतं. तिथे लोक हसत असतात. देणं वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही.)

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू, कारण 'शास्त्रात लिहिलंय' हेच मांडवातलं शेवटचं हत्यार असतं.

जालन्याजवळ आमचं बेथेल आहे. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या अमदानीत वसवलेलं. नाव ज्या गावावरून घेतलं, त्या मूळ बेथेलला याकोबाने बायबलमधला पहिला नवस केला. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा २८वा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. याकोब झोपलेला असताना देव आधीच सांगून मोकळा झालेला आहे: मी तुझ्याबरोबर आहे, तुला परत आणीन, सोडणार नाही. त्याला कसलीही अट नाही. अट सकाळी उठून याकोब घालतो. देव मला अन्न देईल, वस्त्र देईल, सुखरूप घरी आणील, तर तो माझा देव. बाजारात बैलाचा सौदा करावा तशी भाषा! देवाने नवस मागितलेलाच नव्हता. द्यायचं ते देऊन झालं होतं. आणि फेडायला म्हणाल तर याकोबाने वीस वर्षांहून जास्त काळ घेतला. त्यावर देवाचं बोलणं एवढंच: ऊठ, बेथेलला जा. रागाचा एक शब्द त्या वचनात नाही.

लेवीयाचा २७वा अध्याय रुक्ष म्हणून आपण टाळतो; ते तर नवस सोडवण्याचं दरपत्रक आहे. माणूस देवाला वाहिला असेल तर पैसे भरून सोडवता येतो: विशीपासून साठीपर्यंतच्या पुरुषाचे ५० शेकेल, बाईचे ३०. आणि ८वं वचन म्हणतं, तेवढी ऐपत नसेल तर याजकाने त्या माणसाला झेपेल ते ठरवावं. झेपेल ते! हे वाक्य मांडवात कधी ऐकलं आहे का? लेवीयाच्याच ५व्या अध्यायात, विचार न करता तोंडातून शपथ गेली तर काय करायचं तेही आहे. चूक कबूल करावी आणि कोकरू आणावं. नसेल तर दोन पारवे, तेही नसतील तर थोडं सपीठ. गणनेच्या ३०व्या अध्यायात मुलीचा नवस बाप, बायकोचा नवस नवरा ऐकल्या दिवशीच रद्द करू शकतो. आज तो अध्याय वाचताना घशाशी येतो, बाईच्या शब्दाला किंमतच नाही म्हणून. पण एक गोष्ट त्यातूनही निघते. नवस हा अटळ दगड आहे असं खुद्द नियमशास्त्रच मानत नाही.

आणि इफ्ताह? शास्त्यांच्या ११व्या अध्यायातला तो सेनापती. जिंकून घरी आल्यावर दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुला, असा नवस त्याने केला, आणि डफ वाजवत बाहेर आली एकुलती एक मुलगी. आमच्याकडे ही गोष्ट 'नवस फेडावाच लागतो' या चालीवर सांगतात. मीही तशीच सांगत आलो. यहुदी परंपरेने तिच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. जुन्या रब्बींनी विचारलं, त्या वेळी फिनहास याजक हयात होता ना? तो हा नवस सोडवू शकत होता. मग झालं काय? इफ्ताह म्हणाला, मी सेनापती, मी त्याच्या दारात जाऊ? फिनहास म्हणाला, मी याजक, मी त्या अडाण्याकडे जाऊ? दोघांच्या मानापानात मुलगी मेली, आणि रब्बींनी तिच्या रक्ताचा बोल दोघांनाही लावला. पाळकांच्या पुढच्या शिबिरात एक अख्खी दुपार या एका गोष्टीला द्यावी, अशी माझी विनंती आहे.

त्याच्याच शेजारी १ शमुवेल १४ ठेवा. शौल राजा लढाईच्या दिवशी सगळ्या सैन्याला शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत अन्नाला शिवाल तर शापित व्हाल. लेक योनाथान तिथे नव्हता. त्याने काठीच्या टोकाने मध चाखला. शपथेप्रमाणे मरायला हवा. सैनिक आडवे पडले, म्हणाले, त्याच्या डोक्याचा एक केसही जमिनीवर पडू देणार नाही, आणि त्यांनी त्याला सोडवला. आकाशातून काही कोसळलं नाही. इफ्ताहाची मुलगी आणि शौलाचा मुलगा यांच्यात फरक एवढाच की एकाच्या बाजूने माणसं उभी राहिली.

चारही शुभवर्तमानांत येशूने कोणाकडूनही नवस मागितलेला नाही. शपथच वाहू नका, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असू द्या, असं मत्तयाच्या ५व्या अध्यायात तो सांगतो. मार्काच्या ७व्या अध्यायात तर चिडलेला दिसतो. 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून आईबापाला मदत नाकारणाऱ्यांना तो म्हणतो, तुम्ही परंपरेने देवाचं वचन रद्द करता. (आमच्या त्या मुलाच्या वहीत होतं: 'आईच्या चष्म्याचे पैसे मंडळीला द्यायचे, शंका.' आई तीन महिने जुन्या काचांवरच शिवणकाम करत होती.) येशूच्या शिष्याचं, पेत्राचं बघा. सगळे अडखळले तरी मी नाही, मरेन पण तुला नाकारणार नाही, असा शब्द त्याने छातीठोक दिला आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा मोडला. पुढे समुद्रकाठी निखाऱ्यावर मासळी भाजून ठेवलेली आहे, न्याहारी झाली आहे, आणि येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? दिलेल्या शब्दाचा विषयसुद्धा निघत नाही.

कॅथलिक बांधवांकडे तर याचा लेखी कायदाच आहे. वैजापूर तालुक्यात घोगरगावच्या बाजूला जुनी कॅथलिक गावं आहेत. तिथली माणसं सप्टेंबरात हरिगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जातात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. त्यांच्यापैकी किती जणांना १९८३च्या धर्मसंहितेतलं ११९१वं कलम ठाऊक असेल? नवस म्हणजे विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने देवाला दिलेलं वचन, अशी तिथे व्याख्या आहे. मोठ्या आणि अन्याय्य भीतीपोटी केलेला नवस मुळातच रद्द, असं तेच कलम म्हणतं. ११९४ सांगतं की वचन दिलेली गोष्टच मुळापासून बदलली, किंवा ज्यासाठी केला ते कारणच उरलं नाही, तर नवस संपतो. ११९६प्रमाणे आपल्या धर्मग्रामातल्या माणसाचा खाजगी नवस खुद्द तिथला फादर, योग्य कारण असेल तर, सोडवू शकतो. ११९७प्रमाणे तर माणूस स्वतःच तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत बदलू शकतो. बिशपकडे जायला नको, रोमला पत्र नको. फादरच्या ओसरीवर पाच मिनिटांचं काम. देवळाच्या फळ्यावर जपमाळेची वेळ लिहिलेली असते. त्याखाली ही चार वाक्यं लिहायला किती खडू लागतो?

इथपर्यंतचं मला सुचलं तेव्हा वाटलं, झालं, उत्तर सापडलं. त्या मुलाला समोर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या रात्री फोन. "काका, बाकीचं पटलं. पण भीतीपोटी केला तर रद्द म्हणायलाव ना तुम्ही? मी तो चहाचा केला तेव्हा घाबरलो होतो का नव्हतो, तेच आठवंना."

मी समजावलं. मग रोज साडेनऊला फोन यायला लागला. रोज नवी शंका, रोज माझं नवं वचन. चार महिने. सुरुवातीला माझं उत्तर त्याला दोन दिवस पुरायचं, मग एक दिवस, मग दोन तास, शेवटी शेवटी फोन ठेवायच्या आतच "पण काका..." सुरू व्हायचं. मला मनातून बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. निवृत्त माणसाला रोज कोणीतरी शास्त्रार्थ विचारतंय!

संभाजीनगरला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी वही चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, सध्या तुम्ही त्याच्या आजाराचाच एक भाग आहात."

या आजाराला मराठीत मंत्रचळ असा फार नेमका शब्द आहे. डॉक्टर ओसीडी म्हणतात. शंभरात दोनतीन माणसांना आयुष्यात कधीतरी होतो. कोणाला हात धुण्याचा, कोणाला कुलूप तपासण्याचा, आणि काहींना देवाधर्माचा. नको ते विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतात. पुलावरून जाताना खाली उडी मारावीशी वाटणं, प्रार्थनेत शिवी आठवणं, 'हे झालं तर मी ते सोडीन' असं मनात चमकून जाणं. बाकीचे झटकून पुढे जातात. मंत्रचळ्याला ते झटकता येत नाहीत. मनात आलं म्हणजे झालंच, असं त्याला वाटतं. मग तो खात्री करायला जातो, आणि खात्रीने भूक भागत नाही, वाढते. कर्ज फेडायला पुन्हा कर्ज काढावं तसं. माझा प्रत्येक फोन त्यातला एक हप्ता होता.

हे सगळं चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही कळलं होतं. अतिशंकेला युरोपात जो शब्द रूढ झाला त्याचं लॅटिन मूळ म्हणजे लहानसा अणकुचीदार खडा. चपलेत शिरलेला खडा म्हणा. १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा गावात इग्नेशियस लोयोला, पुढे जेझुइट संघ काढणारा संत, या खड्याने हैराण झाला होता. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, जीव द्यावा असंही मनात यायचं. मग त्याने ठरवलं की देव सोडवत नाही तोवर अन्नपाणी घ्यायचं नाही. आठवडाभर पाळलं. शेवटी त्याच्या कबुलीच्या फादरने हुकूम केला, खा. त्याने खाल्लं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पापांची माळ पुन्हा सुरू, आमच्या मुलासारखीच. सुटका कधी झाली? जुन्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही, असं ठरवलं तेव्हा. त्याने त्या शंकेला जणू मनाचं दार लावलं आणि आतला आवाज थकून गेला. आज डॉक्टर जे करतात त्याचं तत्त्व फार वेगळं नाही. आमच्या मुलाला त्यांनी कागदावर एक वाक्य लिहायला लावलं, 'कदाचित माझा नवस मोडलेला असेल', आणि ते समोर ठेवून बसायला सांगितलं. वही उघडायची नाही, पुटपुटायचं नाही, काकांना फोन करायचा नाही. पहिल्या दिवशी त्याचा शर्ट घामाने भिजला होता. सोबत गोळ्या, त्यांचा गुण यायला आठ-बारा आठवडे लागतात, हे आधी सांगितलं म्हणून त्याने त्या मध्येच टाकल्या नाहीत.

तर मंडळीने करायचं ते मला आता असं दिसतं. नवस सोडवा, पण एकदाच. पाळकाने त्या माणसाला बोलवावं, ऐकून घ्यावं, स्पष्ट सांगावं की हे सुटलं, प्रार्थना करावी. दुसऱ्यांदा तीच शंका घेऊन आला तर उत्तर देऊ नये. पाणी द्यावं, घरच्यांची चौकशी करावी आणि डॉक्टरकडे पाठवावं. हे कठोर वाटतं. मला चार महिने जमलं नव्हतं. पण रोज उत्तर देणारा पाळक आणि रोज नवस बोलायला लावणारा उपदेशक, या दोघांचा त्या लेकरावर परिणाम एकच होतो. डॉक्टर मंडळींनाही एक सांगणं आहे: "देवधर्म जरा कमी करा" असं पहिल्याच भेटीत म्हणू नका, पेशंट दुसऱ्या भेटीला येत नाही. आमच्याकडे बहुतेक तालुक्यांना मानसोपचारतज्ज्ञ लांब पडतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२पासून आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तो देवळाच्या फळ्यावर लागायला हरकत नाही.

आक्षेप येणार, पंचांच्या बैठकीत आलाच. एक ज्येष्ठ बांधव म्हणाले, "परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ. तुम्ही लोकांना शब्द मोडायला शिकवता आहात. उद्या लग्नाचा नवसही सोडवून मागतील." त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शब्दाला किंमत नसलेला समाज मलाही नको. पण लग्नाचंच उदाहरण घेऊ या. लग्नाआधी आपण तीन रविवार नावं पुकारतो, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतो, पाळक दोघांना बसवून विचारतात की कोणाच्या दबावाखाली तर नाही ना. पाळकाची दीक्षा घ्यायला वर्षानुवर्षं सेमिनरीत घालवावी लागतात. म्हणजे जिथे शब्द गंभीर आहे तिथे मंडळी तो सावकाश घेते. मग मांडवात कीबोर्डच्या सुरावर तीन मिनिटांत घेतलेला शब्द कोणत्या हिशेबाने तितकाच गंभीर? शब्दाला किंमत द्यायची असेल तर तो घेण्याआधी एखादा रविवार तरी मध्ये जाऊ द्या. तिसऱ्या रात्री हात वर करायला लावण्यापेक्षा 'घरी जा, झोपा, आठवड्याने या' म्हणा. किती हात उरतात ते तेव्हा कळेल.

दुसरा आक्षेप तरुणांकडून आला: मग भक्ती कुठली आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं? यात तासांचा हिशेब कामाचा नाही. माझी आजी पहाटे चारला उठून तास-दीडतास गुडघ्यावर असायची आणि उठताना गाणं गुणगुणत चुलीकडे जायची. प्रार्थना संपल्यावर माणूस निवतो, की ती पुन्हा 'नीट' करावी लागते, एवढं बघा. आजीला कोणी डॉक्टरकडे नेलं नसतं, आणि नेऊही नये.

मुलाचं म्हणाल तर तो 'बरा झाला' असं लिहायला मी धजावणार नाही. वही आहे, पण बैठकीच्या कपाटावर. आईला चष्मा आला. चहा त्याने अजून घेतलेला नाही. त्याबद्दल मी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. परवा रात्री साडेनऊला मोबाइल वाजला. मेसेज होता: "काका, एकच विचारू?"

मी तो उघडला. दोन निळ्या खुणा त्याला दिसल्या असणार. उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. बायको म्हणाली, "ठेवा तो फोन." ठेवला.

सकाळी सहा-पन्नासला दुसरा मेसेज आला होता: "काही नाही. चाललो गोदामावर."

दुसऱ्या रात्री साडेनऊला मीच दोनदा फोन उचलून पाहिला.